सॉव्हरिनची खातेवही आणि राखणदारांचे गणित

३१ मार्च २०२५ ही अखेरची मुदत जाहीर करून ‘सॉव्हरिन’ या विकेंद्रित ओळख-जाळ्याची मुख्य खातेवही बंद करण्यात आली. जुलै २०१७ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा कोणत्याही एका कंपनीच्या वा सरकारच्या मुठीत नसेल अशी ओळखव्यवस्था उभारण्याचा संकल्प तिच्यामागे होता. आठ वर्षांच्या आतच ती मिटली. पण तिच्यासाठी लिहिलेल्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे काही भाग आजही जगभर वापरात आहेत. त्यांतले काय टिकले, काय गेले आणि का, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम जाणून घ्यावे असे आहे.

प्रथम मूळ कल्पना पाहू. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिला आधार क्रमांक देण्यात आला. आधारची मूळ रचना केंद्रीय आहे: माहिती एका ठिकाणी साठवायची आणि पडताळणीची विचारणा तेथेच करायची. विकेंद्रित ओळखीची वाट वेगळी आहे. समजा, विद्यापीठाने पदवी प्रमाणपत्रावर अंकीय स्वाक्षरी करून ते विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये दिले. नोकरी देणारी संस्था ती स्वाक्षरी विद्यापीठाच्या सार्वजनिक चावीने तपासते. ही चावी एका सामायिक खातेवहीत नोंदलेली असते. त्या खातेवहीत व्यक्तीची माहिती नसते, आणि प्रमाणपत्र कोठे दाखवले गेले हे विद्यापीठालाही कळत नाही.

याची वैचारिक मुळे जुनी आहेत. माणसाची ओळख उघड न करता सुरक्षित व्यवहार कसे करता येतील, हे डेव्हिड चाउम यांनी १९८५ मध्येच एका प्रसिद्ध लेखात मांडले होते. २००१ पासून यान कामेनिश आणि ॲना लिस्यान्स्काया यांनी अशी स्वाक्षरी-पद्धत विकसित केली, की जिच्या आधारे प्रमाणपत्रातील एखादीच गोष्ट सिद्ध करता येते. उदाहरणार्थ, जन्मतारीख न सांगता आपले वय १८ वर्षे पूर्ण आहे, एवढेच दाखवता येते.

हे गणित प्रत्यक्षात आणण्याचा उद्योग अमेरिकेतील एव्हरनिम या कंपनीने केला. २०१६ मध्ये सॉव्हरिन फाउंडेशन स्थापन झाले. २०१७ मध्ये हा कोड लिनक्स फाउंडेशनच्या ‘हायपरलेजर’ उपक्रमाखाली आला आणि त्याला ‘इंडी’ हे नाव मिळाले. इंडीची खातेवही निरनिराळ्या संस्थांच्या संगणकांवर चालते. त्यांचे एकमत होण्यासाठी जी पद्धत वापरली जाते, तिचा नियम सोपा आहे: f संगणक बिघडले किंवा खोटे बोलू लागले तरी व्यवस्था शाबूत राहावी, असे वाटत असेल तर एकूण किमान ३f + १ संगणक हवेत. म्हणजे २५ संगणक असतील, तर ८ दगा देऊ शकतात. खातेवही तरीही खरी राहते.

येथवर सारे चोख होते. पण किती संगणक बिघडले तर चालेल याचा हिशेब मांडणाऱ्या या प्रकल्पात, किती संस्था बाहेर पडल्या तर चालेल याचा हिशेब कोणी मांडला नव्हता. सुरुवातीचा बहुतांश कोड एव्हरनिमच्याच अभियंत्यांनी लिहिला होता. कोड सर्वांना खुला होता. त्याची खडान्‌खडा माहिती मात्र मोजक्या लोकांपाशी होती. २०२० मध्ये सॉव्हरिन फाउंडेशन आर्थिक अडचणीत आले आणि त्याचा कारभार मुख्यतः स्वयंसेवकांवर येऊन पडला. डिसेंबर २०२१ मध्ये अवास्टने एव्हरनिम विकत घेण्याची घोषणा केली. पुढच्याच वर्षी अवास्ट स्वतः नॉर्टनलाइफलॉकमध्ये विलीन झाली. परवाना तोच होता, कोडही जागेवर होता. त्याची रोज देखभाल करणारे हात मात्र कमी झाले.

याची खूण एका साध्या गोष्टीत दिसते. इंडीचा मुख्य कोड उबुंटू १६.०४ या प्रणालीवर चालत असे. त्या प्रणालीचा नियमित आधार एप्रिल २०२१ मध्ये संपला, पण २०.०४ या आवृत्तीवर जाण्याचे काम त्यानंतरही दीर्घकाळ रेंगाळले. हे काम अवघड होते, कंटाळवाणे होते आणि त्यातून कोणाचे नाव होणार नव्हते. समाज आजारी पडल्याचे पहिले लक्षण अशाच कामांत उमटते.

जे टिकले ते कसे टिकले? त्यात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारचा मोठा वाटा आहे. नोंदणीकृत व्यवसायांची प्रमाणपत्रे खुली करणारी ‘ऑर्गबुक’ सेवा या सरकारने इंडीच्या आधाराने २०१९ मध्ये सुरू केली. त्यासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर त्याने खुले ठेवले आणि छोट्या छोट्या कामांची जाहीर मागणी करून बाहेरच्या विकसकांना मोबदला दिला. मे २०१९ मध्ये ‘एरीज’ हा प्रकल्प वेगळा निघाला. प्रमाणपत्रांची देवघेव करणारा भाग त्यामुळे खातेवहीपासून सुटा झाला. २०२२ मध्ये ‘ॲनॉनक्रेड्स’ वेगळा झाला आणि निवडक माहिती सिद्ध करण्याचे गणित कोणत्याही खातेवहीसोबत वापरता येऊ लागले. २०२४ मध्ये एरीजमधील प्रमुख कोड ओपनवॉलेट फाउंडेशनकडे गेला.

या सुटेपणाचे मोल आपल्या शेजारी, भूतानमध्ये दिसते. भूतानने २०२३ मध्ये राष्ट्रीय डिजिटल ओळखीचा कायदा केला. त्याची व्यवस्था आरंभी इंडीवर होती, पुढे ती पॉलिगॉनवर गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथेरियमकडे वळण्याची घोषणा झाली. एका देशाच्या नागरिकांची ओळख ज्या आधारावर उभी आहे, तो आधार काही वर्षांत दोनदा बदलतो, ही गोष्ट किरकोळ नाही. सॉव्हरिनच्या खातेवहीत ज्यांच्या चाव्या होत्या त्यांनी वेळेत स्थलांतर केले नसेल, तर त्यांची जुनी प्रमाणपत्रे गणिताने निर्दोष असूनही तपासण्यासाठी चावी सापडणार नाही.

या इतिहासात भारताचाही धागा आहे. पुण्याच्या अयनवर्क्स कंपनीत सुरू झालेला ‘क्रेडेबल’ हा मुक्त स्रोत प्रकल्प २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या विकेंद्रित विश्वास उपक्रमात दाखल झाला. एरीजमधून निघालेल्या ‘क्रेडो’ या भागाचा तो उपयोग करतो. म्हणजे कॅनडा-युरोपात जपला गेलेला कोड आज पुण्यातील कामाचा पाया आहे. उद्या क्रेडेबल किती निकोप राहील, हेदेखील त्याच कसोटीवर ठरेल.

ती कसोटी कोणती? प्रकल्पाला किती जणांनी पसंतीचे तारे दिले, ही नव्हे. बदल तपासून मुख्य कोडात सामील करण्याचा अधिकार किती वेगवेगळ्या संस्थांच्या माणसांपाशी आहे? सर्वांत मोठा आश्रयदाता उद्या निघून गेला, तर सुरक्षेतील त्रुटी कोण बुजवील? नवख्याच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळायला किती दिवस लागतात? ही माहिती कोणत्याही मुक्त प्रकल्पाच्या नोंदींत उघडी असते आणि एका दुपारीत मोजता येते.

आपल्या देशातील अनेक सार्वजनिक सेवा आज मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर चालतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी असा एखादा प्रकल्प निवडावा आणि त्याच्या राखणदारांची मोजदाद करावी. त्यांत एकाच संस्थेची माणसे आढळली, तर त्या प्रकल्पाचा f शून्य आहे. दस्तऐवज सुधारणे, चाचण्या लिहिणे, जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर नेणे अशी तेथे पडून राहिलेली कामे हाती घेतली, तरच तो आकडा वाढेल.