हुंडीचा साचा आणि सुरतेच्या पेढ्या

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाच्या मनात १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. शिवाजी महाराजांनी या बंदरावर दोनदा स्वारी केली ती तेथील अपार संपत्तीमुळे. परंतु ती संपत्ती केवळ तिजोरीतल्या सोन्याची व मोहरांची नव्हती. तिचा एक भाग कागदावर नांदत होता, आणि त्या कागदावरचा मजकूर ठरीव होता. तापीकाठच्या पेढीवर लिहिलेली चिठ्ठी बऱ्हाणपूरचा किंवा आग्र्याचा सराफ वाचीत असे आणि तेवढी रक्कम मोजून देत असे. चिठ्ठी घेऊन येणाऱ्याचे तोंड त्याने पूर्वी पाहिलेले असेच असे नाही. या चिठ्ठीचे नाव हुंडी.

आजच्या कचेरीत संगणक एकमेकांना जोडलेले असतात. पत्राचा, पावतीचा, कराराचा नमुना एकदाच तयार करून सामायिक जागी ठेवतात. प्रत्येक कारकून त्याची प्रत उघडतो, मोकळ्या जागा भरतो आणि मूळ नमुना जसाच्या तसा राहतो. ही सोय यंत्राने आणली असली तरी तिच्यामागील कल्पना यंत्राहून फार जुनी आहे. अनेकांनी एकच साचा वापरावा, म्हणजे दूरच्या माणसालाही कागद ओळखू येतो, हे गुजरातच्या लेखनिकांना आणि सराफांना कित्येक शतकांपूर्वी उमगले होते.

याचा पुरावा 'लेखपद्धति' या संस्कृत संग्रहात मिळतो. दानपत्रे, गहाणखते, कर्जरोखे, राजाज्ञा, तह, इतकेच नव्हे तर घरगुती पत्रे यांचेही नमुने त्यात एकत्र केले आहेत. चिमणलाल दलाल आणि गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला हा ग्रंथ १९२५ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाला. लेखनिकाने नमुना समोर ठेवावा, नावे व रकमा बदलाव्यात आणि कागद पुरा करावा, एवढाच त्याचा हेतू. महाराष्ट्रातही हेमाद्रीच्या नावाने मेस्तके चालत आली आहेत. वडिलांस कसे लिहावे, धन्यास कसे लिहावे, बरोबरीच्यास कोणता मायना घालावा, हे ती शिकवतात.

या संग्रहातील एका नमुन्याने इतिहासकारांपुढे चमत्कारिक पेच टाकला. देवगिरीचा यादव राजा सिंघण आणि धोळक्याचा वाघेला राणा लवणप्रसाद यांच्यातील तहाचा तो मसुदा आहे. दोघांनी आपापल्या मुलखात राहावे, एकावर शत्रू चालून आल्यास दुसऱ्याने साहाय्य करावे, अशी त्यातील कलमे. मिती विक्रम संवत १२८८ च्या वैशाखाची, म्हणजे इसवी सन १२३१-३२ च्या सुमाराची. सिंघणाच्या फौजा लाट देशात, म्हणजे भडोच-सुरतेच्या बाजूस उतरत होत्या हे खरे. त्यामुळे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी या मसुद्यामागे खरा तह असावा असे मानले. पुढील काही अभ्यासकांनी मात्र शंका काढली. तीच मिती त्या संग्रहातील इतर नमुन्यांतही आढळते. मग ती तहाची मिती की नुसती जागा भरण्यासाठी घातलेली? साच्यात राहून गेलेली एक मिती सात शतकांनंतर विद्वानांना वादात पाडते, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच संग्रहात दासी विकल्याचे नमुनेही आहेत. दुष्काळात अन्नाला महाग झालेल्या मुलीने स्वतःला दुसऱ्याच्या स्वाधीन करावे, आणि त्याचा कागद घर गहाण ठेवण्याच्या कागदाइतक्याच सराईतपणे लिहिला जावा! साचा हा न्याय-अन्याय पाहत नाही. जे त्यात ओतावे ते तो सारख्याच सफाईने बाहेर काढतो. म्हणून साच्याची थोरवी त्याच्या मजकुरात नसून त्याला जबाबदार असणाऱ्या माणसात शोधावी लागते. सुरतेच्या हुंडीचा इतिहास याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. मक्केचे यात्रेकरू येथूनच जहाजावर चढत. १६१३ पासून इंग्रजांची वखार येथे उभी राहिली आणि पाठोपाठ डचही आले. या व्यापाऱ्यांना आग्र्याची नीळ घ्यायची तर पैसा आग्र्यास पोहोचला पाहिजे. नाण्यांच्या थैल्या बैलांवर लादून शेकडो कोस न्यायच्या तर वाटेत चोरांचे भय आणि जकातीचा जाच. त्यापेक्षा सुरतेच्या सराफाकडे रक्कम भरावी, त्याची हुंडी घ्यावी आणि ती आग्र्यास वटवावी, हे सोयीचे. खुद्द इंग्रजांना सुरतेचा धनाढ्य सावकार वीरजी व्होरा याच्याकडून वेळोवेळी कर्ज घ्यावे लागत असे. परदेशी कंपनीची जहाजे मोठी असतील, पण देशाच्या आत तिला या पेढ्यांच्या जाळ्यावाचून पाऊल टाकता येत नव्हते.

हे जाळे टिकले ते हुंडीच्या ठरीव घडणीवर. आरंभी मंगलवाचक शब्द, मग ज्या गावी व ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याचे नाव, लिहिणाऱ्याचे गाव व नाव, नमस्कार, रक्कम, पैसे ठेवणाऱ्याचे नाव, मुदत आणि शेवटी मिती. रकमेची तर विशेष काळजी. ती आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत, आणि वर तिचे निमे सांगून त्याची दुप्पट पुरी द्यावी असेही लिहीत. एक हजाराची हुंडी असेल तर पाचशेची दुप्पट असा उल्लेख येई. एखाद्या लबाडाने एका शून्याची भर घातली तरी उरलेले शब्द त्याला उघडे पाडीत. मजकुराची ही पुनरुक्ती हेच त्या कागदाचे कुलूप होते.

साचा एक असला तरी गरजेप्रमाणे त्याच्या जाती निघाल्या. दाखवताच पैसे द्यायची ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनंतर द्यायची ती मुदती. जोखमी हुंडीत सागराचा धोकाच बांधलेला असे: माल सुखरूप बंदरात पोहोचला तर पैसे द्यायचे, जहाज बुडाले तर नाही. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारातील प्रतिष्ठित शहालाच मिळत. पुढे ती हुंडी खोटी निघाली तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. मराठीत शहाजोग हा शब्द आज थोड्या उपहासाने वापरला जातो; पेढीवर मात्र त्यात एका माणसाची पत पणाला लागलेली असे.

हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत देत, तिला पैंठ म्हणत. तीही हरवली तर परपैंठ. या प्रतींतही आधीच्या कागदाचा उल्लेख असे, म्हणजे एकाच रकमेचे पैसे दोनदा दिले जाऊ नयेत. पैसे चुकते झाले की हुंडीचा खोका होई आणि तो जपून ठेवीत. मूळ कोणते, प्रत कोणती, आणि कोणता कागद निकालात निघाला, हे तिन्ही प्रश्न या व्यवस्थेने सोडवले होते. सामायिक कागद वापरणाऱ्या कोणत्याही कचेरीला हेच तीन प्रश्न पडतात.

नवल याचे की या साच्याची मूळ प्रत कोणत्याही सरकारी दप्तरात ठेवलेली नव्हती. पेढीवर उमेदवारी करणारा पोरगा मेहताजीच्या शेजारी बसून ती घोटून घेई, आणि पुढे दुसऱ्या गावच्या पेढीवर गेला की तोच मजकूर तेथे लिही. मजकूर मोडला तर वाचणाऱ्याला संशय येई, हाच त्याचा पहारा. वाद उभा राहिला तर सराफांचे महाजन निवाडा करी. इंग्रज सरकारने १८८१ साली हुंड्या-चेकांविषयीचा कायदा केला, तेव्हाही देशी भाषांतील अशा कागदांविषयीचे स्थानिक रिवाज त्याने अबाधित ठेवले. कागदावरच तसे स्पष्ट लिहिले असेल तर गोष्ट वेगळी. कायदा नव्याने आला होता, रिवाज पेढ्यांच्या अंगवळणी पडलेला होता.

बँकांच्या प्रसारानंतर हुंडीचे राज्य ओसरले, पण सुरतेची ही रीत पुरती गेली नाही. हिऱ्यांच्या बाजारात आजही जांगड चालते. हिरे पसंतीसाठी दुसऱ्याच्या हाती द्यायचे, त्याची छापील चिठ्ठी करायची, आणि विक्री ठरेपर्यंत मालकी देणाऱ्याचीच राहायची. चिठ्ठीवरच्या अटी ठरीव, मोकळ्या जागा थोड्या. लाखोंचा माल अशा चिठ्ठीवर हातोहात फिरतो, कारण घेणाऱ्याची पत बाजार ओळखतो.

संगणकाच्या जाळ्यावर आज एक नमुना क्षणात शंभर टेबलांवर पोहोचतो. त्याने श्रम वाचतात, शुद्धता वाढते, सर्व शाखांचा कागद एकसारखा दिसतो. परंतु मूळ नमुन्यातील एक चूकही तितक्याच वेगाने शंभर ठिकाणी जाते, आणि गेल्या वर्षीची तारीख, मागच्या ग्राहकाचे नाव किंवा रद्द झालेली अट नव्या पत्रात मुकाट्याने राहून जाते. संवत १२८८ चा वैशाख असाच राहून गेला असेल काय, हे आता कोण सांगणार? म्हणून मूळ नमुना कोणी बदलायचा हे ठरलेले असावे, बदलाची मिती त्यावर असावी आणि मोकळी जागा भरणाऱ्याने शेवटची ओळ वाचल्यावाचून सही करू नये.

सुरतेचा मेहताजी हुंडी पुरी लिहून झाल्यावर निमे रकमेची दुप्पट जुळते की नाही हे पाही, आणि मगच कागद घडी करून पुढे देई. मजकूर सर्वांचा असला तरी त्याखालचे नाव एकाचेच असे, आणि आग्र्याचा सराफ पैसे देई ते त्या नावाकडे पाहून.