विद्यादानाची वाटचाल : शिष्यवृत्तीपासून स्वावलंबनापर्यंत

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी शास्त्रदानाचा अर्थ काळानुसार विस्तारत गेला. ग्रंथांच्या प्रती करवून देण्याची ही परंपरा आधुनिक काळात वसतिगृहे व शिष्यवृत्त्यांपर्यंत पोहोचली. मुंबईचे जैन व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६० च्या दशकात मुंबई व कलकत्ता या विद्यापीठांना लाखो रुपयांच्या देणग्या दिल्या. कलकत्त्यास त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली.

परंतु केवळ शिष्यवृत्तीने विद्यार्थ्याचे जीवन उभे राहते काय? बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली करारानुसार ते बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा मात्र कचेरीत त्यांची अवहेलना झाली आणि शहरात राहावयास जागाही मिळेना. थोड्याच दिवसांत त्यांना मुंबईस परतावे लागले. शिष्यवृत्तीने विद्या दिली, पण कामाच्या ठिकाणी सन्मान देण्यास समाज तयार नव्हता.

ही उणीव ओळखली ती कुंभोज येथे जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत. ते चालविण्यासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडले. तरीही भाऊरावांनी विद्यार्थ्यांना आश्रितपणा शिकविला नाही. 'कमवा आणि शिका' या योजनेत मुले श्रम करून शिकत आणि ताठ मानेने बाहेर पडत.

पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतनासह प्रशिक्षणाची तरतूद केली. आजची 'इंटर्नशिप' ही याच विचाराची पुढची पायरी होय.

चारकोपच्या वसाहतीलाही हा इतिहास परका नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली सुरू झालेल्या प्रकल्पात म्हाडाने येथे अल्प उत्पन्न गटांसाठी छोटे भूखंड आखले. अशा घरांतील पहिल्या पदवीधराला शुल्काइतकीच गरज असते ती ओळखीची व अनुभवाची. शिष्यवृत्तीचा धनादेश देणाऱ्या हातांनी त्याच विद्यार्थ्यास आपल्या पेढीत वा कार्यालयात काही महिने विद्यावेतनावर काम शिकविले, तर शास्त्रदानाची ही परंपरा खऱ्या अर्थाने पुढे जाईल.