कडाक्याची थंडी आणि इलेक्ट्रिक गाडी : उष्णतेचा जमाखर्च

नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर शंभर नव्या मोटारींपैकी जवळजवळ ८९ निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या होत्या. या देशाचा उत्तर भाग ध्रुववृत्ताच्याही वर जातो, आणि दक्षिणेकडच्या ओस्लोतसुद्धा हिवाळ्यात पारा उणे दहाच्या खाली उतरणे नवलाचे नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या शिकागोवर थंडीची लाट आली. तिथे सार्वजनिक चार्जिंग स्टेशनांपुढे इलेक्ट्रिक गाड्यांच्या रांगा लागल्या, काही गाड्या रांगेतच निकामी झाल्या आणि टो करून हलवाव्या लागल्या. गाड्यांचे तंत्र दोन्हीकडे एकच होते. मग एका ठिकाणी ती रोजची सवय आणि दुसऱ्या ठिकाणी फजिती, असे का झाले?

नॉर्वेच्या करसवलतींकडे बोट दाखवले जाते, आणि त्यांचा वाटा मोठा आहेच. तिथे २००१ साली इलेक्ट्रिक गाड्यांना मूल्यवर्धित करातून सूट मिळू लागली. पण करसवलतीने गाडी विकली जाते, उणे वीसमध्ये चालत नाही. माझ्या मते थंड प्रदेशात गाडीची उपयुक्तता बॅटरीच्या आकारापेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर ठरते : गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे तिला प्लग मिळतो की नाही. हे पटवून घ्यायचे तर थंडी गाडीचे नेमके काय करते, ते सुटे करून पाहावे लागते.

‘थंडीत बॅटरी उतरते’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. बॅटरीतून शक्ती कमी मिळते, गाडीचा खर्च वाढतो आणि बॅटरी चार्ज स्वीकारायला तयार नसते. तिन्हींची कारणे निराळी, उपायही निराळे.

पहिली गोष्ट सेलच्या आतली. लिथियमचे आयन ज्या द्रवातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात, त्यातला एक मुख्य घटक इथिलीन कार्बोनेट. हा शुद्ध रूपात साध्या खोलीच्या तापमानालाही घट्टच असतो, सुमारे ३६ अंशांवर वितळतो. म्हणून त्यात पातळ द्रावके मिसळलेली असतात. थंडीत हे मिश्रण दाटते आणि आयनांची चाल मंदावते. शिवाय आयन द्रवातून प्रवास करतो तो द्रावकाच्या रेणूंनी वेढलेला; ग्राफाइटमध्ये शिरण्याआधी त्याला हे वेष्टन टाकावे लागते. त्या पायरीला ऊर्जा लागते आणि तापमान घसरले की नेमकी हीच पायरी सर्वांत जास्त अडते. परिणामी सेलचा अंतर्गत रोध वाढतो, प्रवाह खेचताच व्होल्टेज खाली जाते आणि ‘बॅटरी संपली’ ही मर्यादा लवकर येते. ही ऊर्जा नष्ट झालेली नसते. सेल गरम झाला की ती पुन्हा हाती येते. थंडीतली ही घट कायमची नाही, हे लोकांना सांगावे तितके थोडे.

चार्जिंगचे गणित जास्त नाजूक आहे. ग्राफाइटची विद्युत पातळी धातुरूप लिथियमच्या पातळीला अगदी लागून असते. गारठलेल्या सेलमध्ये मोठा प्रवाह ढकलला तर आयन जितक्या वेगाने येतात तितक्या वेगाने आत सामावत नाहीत. गणपतीत कोकणच्या एसटीच्या दाराशी होते तशी गर्दी होते, आणि ज्यांना आत जागा मिळत नाही ते टपावर बसतात; म्हणजे ग्राफाइटच्या पृष्ठभागावर लिथियम धातू म्हणून साचू लागते. त्यातले काही परत विरघळते, काही कायमचे वाया जाते आणि बॅटरीची क्षमता तेवढी घटते. साचलेल्या धातूला सुया फुटल्या तर आतल्या आत शॉर्टसर्किटचा धोका. म्हणून बॅटरीवर देखरेख करणारी संगणक-प्रणाली शून्याच्या आसपासच हात आखडता घेते. चार्जरवर १५० किलोवॉट लिहिलेले असूनही पडद्यावर ४० दिसतात, ते याच सावधगिरीमुळे.

हीच प्रणाली ब्रेक लावताना परत मिळणारी वीजही नाकारते. थंड बॅटरी घेऊन सकाळी घरून निघाले की पहिले काही किलोमीटर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी नेहमीसारखी हळू होत नाही. बर्फाळ उतारावर घर असेल तर ही बाब नव्या चालकाने पहिल्याच दिवशी समजून घ्यायला हवी.

आता खर्चाकडे येऊ, कारण खरा जमाखर्च इथे आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली निम्म्याहून बरीच जास्त ऊर्जा उष्णता म्हणून वाया जाते. हिवाळ्यात त्याच वाया गेलेल्या उष्णतेवर हीटर चालतो, म्हणून तो फुकट वाटतो. इलेक्ट्रिक मोटार इतकी काटकसरी की तिच्याकडे वाटायला उष्णताच उरत नाही. केबिन गरम करायची तर बॅटरीतून युनिटे मोजावी लागतात.

एक उदाहरण आकड्यांत मांडतो. शहरातली दहा किलोमीटरची फेरी, वीस मिनिटांची. गारठलेली केबिन ऊबदार करायला साधा हीटर सुरुवातीला पाच किलोवॉट घेतो असे धरा. वीस मिनिटांत सुमारे १.७ युनिट. दहा किलोमीटर चालायला गाडीला लागतात सुमारे १.६ युनिट. म्हणजे खर्च दुपटीवर गेला. आता तीच गाडी हायवेवर अडीच तासांत दोनशे किलोमीटर गेली. केबिन एकदा तापली की हीटरला सरासरी दोन किलोवॉट पुरतात. अडीच तासांचे पाच युनिट, आणि चालण्याचे ३६. वाढ जेमतेम १४ टक्के. लोकांची भीती लांबच्या प्रवासाची असते, पण थंडी सर्वांत जास्त वसूल करते ती पाळणाघर, दुकान, ऑफिस अशा तुटक फेऱ्यांत, कारण दर वेळी गाडी पुन्हा गारठलेली असते.

नॉर्वेची मोटारचालक संघटना एनएएफ दर हिवाळ्यात गाड्यांच्या रेंजची चाचणी घेते. २०२० च्या चाचणीत वीस गाड्या होत्या आणि जाहीर रेंजपेक्षा सरासरी १८.५ टक्के घट आढळली. हा आकडा प्रामाणिक आहे, पण तो सलग प्रवासाचा आहे. पाळणाघराच्या फेऱ्या करणाऱ्याने तो आपल्याला लागू समजू नये.

हीट पंपाने हा खर्च कमी होतो. तो उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतून आणि मोटार-बॅटरीतून गोळा करून आत आणतो. शून्याच्या आसपास एका युनिटात दोन-तीन युनिटांची ऊब मिळते. उणे वीसकडे जाताना मात्र हा फायदा आटत जातो. म्हणजे ओस्लो-बर्गनसारख्या दक्षिणेकडच्या शहरांत हीट पंपाचे पैसे वसूल होतात, आणि देशाच्या उत्तर अंतर्भागातल्या पठारावर भर थंडीत त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा धरू नये. तापणारी सीट आणि स्टिअरिंग यांचा खर्च वॉटमध्ये मोजावा इतका थोडा असतो, म्हणून एकट्याने जाताना तेच आधी लावावे. बाकी किरकोळ बाबी : उणे वीसची हवा अधिक वीसच्या हवेपेक्षा सुमारे १५ टक्के दाट असते, टायरमधला दाब घसरतो, ओला बर्फ चाकांना धरतो. या बेरजेतून रेंज आणखी थोडी जाते, पेट्रोल गाडीचीही जाते.

आता प्लगकडे. रात्रभर प्लगवर असलेली गाडी तिन्ही अडचणींवर एकदम उत्तर देते. चार्जिंग निघण्याच्या वेळेआधी थोडेच संपेल असे टाइमरवर लावले, की चार्जिंगच्या उष्णतेने बॅटरी कोमट राहते. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटे केबिन घराच्या विजेवर तापवता येते. वर काढलेल्या हिशेबातल्या १.७ युनिटांपैकी बरेचसे मग बॅटरीतून जातच नाहीत. काचेवरचे बर्फही आपोआप सुटते.

उत्तरेकडच्या लोकांना ही सवय नवी नाही. पेट्रोल-डिझेलच्या दिवसांतही इंजिन गरम ठेवणारा हीटर रात्री प्लगला लावायची पद्धत नॉर्वे-फिनलंडमध्ये होतीच. फिनलंडमध्ये पार्किंगच्या जागी त्यासाठी सॉकेटचे खांब उभे दिसतात. गाडी म्हणजे रात्री प्लगला लावायची वस्तू, ही समजूत बॅटरीच्या गाडीआधीच तिथे रुजली होती.

या प्लगला फार ताकद लागत नाही. नॉर्वेतल्या बहुसंख्य जुन्या घरांना फेज-टू-फेज २३० व्होल्टचा, न्यूट्रल नसलेला पुरवठा आहे, त्यामुळे युरोपात इतरत्र सर्रास मिळणारे थ्री फेज ११ किलोवॉट तिथे सहसा मिळत नाही. १६ अँपिअरवर सुमारे ३.६ किलोवॉट मिळतात. दहा तासांत ३६ युनिट, म्हणजे हिवाळ्यातही शंभर किलोमीटरच्या पुढची बेगमी. साध्या भिंतीवरच्या सॉकेटातून दहा अँपिअर घेतले तर २.३ किलोवॉट येतात, पण उघड्यावर उणे वीसमध्ये त्यातला मोठा हिस्सा बॅटरी तापवण्यातच जातो आणि सकाळी टक्का फारसा वाढलेला दिसत नाही. शिवाय तो सॉकेट रात्रभराच्या लोडसाठी बनवलेला नसतो. स्वतंत्र वायरिंगचा चार्जिंग पॉइंट हाच शहाणपणाचा खर्च. २०२२ पासून तिथल्या वितरण-आकाराचा एक भाग महिन्यातल्या तीन वेगवेगळ्या दिवसांच्या सर्वाधिक वापराच्या तासांवर ठरतो. त्यामुळे स्वयंपाक, पाणी तापवणे आणि गाडी एकाच वेळी सुरू करणाऱ्याचे बिल चढते, आणि मध्यरात्री संथ चार्ज करणाऱ्याचे आटोक्यात राहते.

प्लग नसला की काय होते, हे शिकागोच्या रांगेतून उलगडते. पाऊणशे युनिटांची बॅटरी सुमारे साडेचारशे किलोची. तिला उणे पंधरावरून पंचवीसपर्यंत आणायला पाचेक युनिट नुसती उष्णता लागते, म्हणजे पाच किलोवॉटच्या हीटरने तासभर. फास्ट चार्जरचा पत्ता नेव्हिगेशनमध्ये घातला तर बऱ्याच गाड्या वाटेतच हे तापवणे सुरू करतात. ते न करता गारठलेली बॅटरी घेऊन कोणी पोचला, की पंचवीस मिनिटांचे काम पन्नासवर जाते. प्रत्येक गाडीने दुप्पट वेळ घेतला तर स्टेशनची क्षमता निम्मी होते. रांग वाढते, रांगेतले लोक हीटर लावून बसतात, त्यांची बॅटरी आणखी उतरते आणि उभ्या गाडीत थंडही होते. शेवटच्या माणसाकडे बॅटरी तापवण्याइतकीही वीज उरत नाही. दोष कोणा एकाचा नसतो, पण चक्र एकदा फिरले की आवरत नाही. म्हणून लांबच्या प्रवासात मुक्कामी पोचल्याबरोबर, बॅटरी तापलेली असतानाच चार्ज करावे. सकाळी उठून करू म्हणणाऱ्याला दुप्पट वेळ मोजावा लागतो.

लडाख-स्पितीकडे गाडी घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळींनाही हाच नियम कामाचा आहे, जरा अधिकच. भारतात नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांत लोह-फॉस्फेट प्रकारचे सेल असतात. ते टिकाऊ आणि सुरक्षित, पण थंडीत चार्ज स्वीकारायला आणखी नाखूश. त्यांचे व्होल्टेज बराच काळ सपाट राहत असल्याने शिल्लक टक्क्यांचा अंदाजही चुकू शकतो. तिथे होमस्टेच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर काढलेली रात्र दूरच्या फास्ट चार्जरपेक्षा मोलाची.

प्लग लावणे हीसुद्धा थंडीत एक कृती असते. ओला बर्फ पडून रात्रीत गोठला की चार्जिंग पोर्टचे झाकण चिकटते. ते उचकटू नये. तळहाताने कडेकडेने थोपटले की बर्फाचा पापुद्रा तडकतो. गरम पाणी ओतले तर ते फटीत जाऊन पुन्हा गोठते. चार्जिंगच्या बंदुकीच्या पिनांवर बर्फ असेल तर ती उलटी धरून झटकावी. तोंडाने फुंकले तर श्वासातली वाफ तिथेच गोठते. आतली कुलपाची खीळ अडकली असेल तर केबिन आणि बॅटरी तापवणे सुरू करून थोडे थांबावे.

बंद पडण्याच्या भीतीचेही मोजमाप झाले आहे. जानेवारी २०२४ च्या थंडीत ‘वायकिंग’ या नॉर्वेतल्या रस्ता-मदत कंपनीकडे आलेल्या सुरू न होणाऱ्या गाड्यांत इलेक्ट्रिक १३ टक्के होत्या, आणि देशातल्या एकूण गाड्यांत त्यांचा वाटा सुमारे २३ टक्के होता. पेट्रोल-डिझेल गाड्या वयाने जास्त असतात, हे या तुलनेत धरलेच पाहिजे. डोंगरी घाटात बर्फाचे वादळ आले की गाड्या नांगर-गाडीमागे ताफ्याने सोडतात आणि तासन्‌तास थांबावे लागते. उभ्या गाडीत ऊब टिकवायला एक ते दोन किलोवॉट लागतात. चाळीस युनिट शिल्लक असतील तर किमान वीस तास निघतात, आणि बर्फाने एक्झॉस्ट बुजून केबिनमध्ये विषारी वायू साचण्याचे भय नसते.

आयुष्याच्या बाबतीत तर थंडी बॅटरीची वैरी नाहीच. सेलचे म्हातारपण उष्णतेत लवकर येते. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात पूर्ण चार्ज करून ठेवलेली बॅटरी उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या बॅटरीपेक्षा जास्त सोसते.

राहतो प्रश्न भाड्याच्या फ्लॅटात राहून रस्त्यावर गाडी लावणाऱ्याचा. त्याला मोठी बॅटरी विकत घे असे सांगणे मला चुकीचे वाटते. मोठी बॅटरी तापवायलाही जास्त लागते आणि पैसे तर लागतातच. नॉर्वेत उत्तर वेगळे निघाले : ओस्लो महापालिकेने रस्त्याकडेला संथ चार्जिंगचे पॉइंट बसवले, सोसायट्यांमधल्या रहिवाशाला पॉइंट मागण्याचा हक्क कायद्याने मिळाला. थंड प्रदेशातल्या ज्या शहरांना पुढे जायचे आहे, त्यांनी हायवेवरच्या झगमगीत स्टेशनांइतकाच पैसा या ३.६ किलोवॉटच्या खांबांवर घालावा, आणि आधी त्या गल्ल्यांत घालावा जिथे कोणाच्याच दारात गॅरेज नाही.