'म्हणोन' आणि 'अल्प संकेत' : युद्धकालीन गुप्तवार्तांच्या दप्तरातून जर्मन लष्करी हवाई वाहतूक

नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगावाहून सरळ पूर्वेकडे गेले असता जामखेड तालुक्यात खर्डा लागतो. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम ह्यांची तेथे जी लढाई झाली, तिचा इतिहास आज जितक्या तपशिलाने सांगता येतो त्याचे श्रेय मुख्यत्वे बखरींना नसून पत्रांना आहे. निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील असलेले गोविंदराव काळे ह्यांची पत्रे आणि वासुदेवशास्त्री खरे ह्यांनी प्रसिद्ध केलेले पटवर्धनी दप्तरातील कागद ही त्यातील ठळक उदाहरणे होत. ही पत्रे लिहिणाऱ्यांच्या मनात इतिहास नव्हता. शत्रूच्या गोटात काय चालले आहे हे धन्यास वेळेवर कळावे एवढाच त्यांचा हेतू होता. राजवाड्यांनी १८९८ पासून आपल्या साधनखंडांच्या प्रस्तावनांतून अस्सल पत्रास बखरीहून वरचे स्थान दिले, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

अशाच प्रकारचे, परंतु कल्पनेपलीकडे मोठे, एक दप्तर लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे बिनतारी सांकेतिक संदेश इंग्रजांनी उकलले, त्यांचे हे कागद. 'अल्ट्रा' ह्या नावाने ओळखली जाणारी ही बाब विंटरबॉथम ह्यांच्या १९७४ सालच्या पुस्तकाने सर्वतोमुखी झाली आणि १९७७ पासून मूळ कागद अभ्यासकांस खुले होऊ लागले. ह्या दप्तराचा उपयोग ज्या विषयांस सर्वाधिक झाला आहे, त्यात जर्मन लष्करी हवाई वाहतुकीचा क्रम बराच वरचा लागतो. कारण उघड आहे. जर्मन हवाई दलाचे स्वतःचे कागदपत्र युद्धाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर जाळले गेले. जे नष्ट झाले त्याचा पडसाद शत्रूच्या कानी पडलेल्या संदेशांत मात्र शिल्लक राहिला.

प्रथम विषयाचे स्वरूप पाहू. जर्मन वाहतुकीचा सारा भार युंकर्स ५२ ह्या तीन इंजिनांच्या, पन्हाळी पत्र्याच्या विमानावर होता. ते एका वेळी सतरा-अठरा सैनिक किंवा सुमारे दोन टन माल नेई. ह्या विमानांच्या तुकड्यांना १९४३ पर्यंत 'वाहतूक' हे नावच नव्हते. त्यांचे अधिकृत नाव होते 'काम्पफ्ग्रुप त्सुर बेझोंडेरेन फेरवेंडुंग', म्हणजे 'विशेष कामगिरीचा लढाऊ गट'. नावात लढाई आणि कामात ओझे! हा शब्दप्रयोग केवळ विनोदाचा नव्हे. जी शाखा नावानेही स्वतंत्र नव्हती, तिला कायमची विमाने व वैमानिक कोठून मिळणार? निकड पडली की वैमानिकांच्या प्रशिक्षणशाळांतून विमाने व शिक्षक उचलावयाचे, हा शिरस्ता पडला. क्रीट, स्टालिनग्राड, ट्यूनिशिया ह्या प्रत्येक मोहिमेत शाळा रित्या झाल्या. १९४३ मध्ये ह्या गटांना 'ट्रान्सपोर्टगेश्वाडर' असे सरळ नाव मिळाले, परंतु तोवर स्टालिनग्राडच्या हवाई पुरवठ्यात ४८८ विमाने गेली होती आणि त्यात २६६ युंकर्स ५२ होती.

हा आकडा ज्यांच्या ग्रंथामुळे रूढ झाला ते मेजर-जनरल फ्रिट्झ मोर्त्सिक स्वतः वाहतूक दलाचे अधिकारी होते. अमेरिकन हवाई दलाच्या इतिहास विभागासाठी त्यांनी युद्धानंतर लिहिलेला प्रबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्याची योग्यता मोठी आहे. तथापि मराठी इतिहासाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ती एका जाणत्या कारभाऱ्याने मागाहून लिहिलेली बखर आहे. दोष कोणाच्या माथी मारावा हे तीत ठरून गेलेले आहे. तिला ताडून पाहण्यास तत्कालीन कागदच पाहिजे, आणि तो बहुतांशी शत्रूच्या दप्तरात आहे.

तो कागद कसा तयार झाला हे जाणल्यावाचून त्याचा उपयोग करणे धोक्याचे आहे. हवाई दलाची 'लाल' ह्या नावाने ओळखली जाणारी सर्वसाधारण किल्ली मे १९४० पासून ब्लेचली पार्क येथे जवळजवळ अखंड उकलली जात होती. निरनिराळ्या हवाई दळांच्या किल्ल्यांना कीटकांची आणि प्रशासकीय विभागांच्या किल्ल्यांना फुलांची नावे दिलेली होती. उकललेला जर्मन मजकूर 'हट ३' नामक विभागात येई. तेथे त्याचा तर्जुमा होऊन, माहितीच्या पत्रिकांशी ताळा पाहून, तो सेनापतींकडे रवाना होई. हे काम करणाऱ्यांत लंडनच्या किंग्ज कॉलेजातील जर्मन भाषेचे प्राध्यापक फ्रेडरिक नॉर्मन व केंब्रिजचे साहित्यसमीक्षक एफ. एल. लूकस ह्यांच्यासारखे भाषेचे पंडित होते. सैनिकी शिस्तीपेक्षा पाठचिकित्सेची शिस्त त्यांच्या अंगात अधिक मुरलेली होती आणि दप्तरावर तिचा ठसा स्पष्ट उमटला आहे.

संदेश पुष्कळदा खंडित येत. गाळलेली अक्षरे तर्काने भरावी लागत. अशा ठिकाणी अनुवादकाने आपला तर्क लपवावयाचा नाही, असा दंडक होता. तर्क भक्कम असल्यास 'प्रबळ संकेत', मध्यम असल्यास 'बऱ्यापैकी संकेत', दुबळा असल्यास 'अल्प संकेत' असे शब्द इंग्रजी तर्जुम्यात घातले जात, आणि कचेरीने स्वतःच्या माहितीवरून जोडलेला भाग 'टीप' म्हणून वेगळा दाखविला जाई. मराठी पत्रलेखकाजवळ ह्यासाठी वेगळी, पण तितकीच बारीक सामग्री होती. पाहिलेली गोष्ट सरळ क्रियापदाने, ऐकलेली 'म्हणोन' लावून, बाजारगप्प 'बोलवा' किंवा 'आवई' म्हणून आणि पडताळलेली 'खचित वर्तमान' म्हणून कळविली जाई. एक भेद मात्र विसरू नये. 'म्हणोन' हे वार्तेचा उगम सांगते. 'अल्प संकेत' हे पाठाची शुद्धता सांगते. एखादा संदेश अक्षरशः निर्दोष उकलला, तरी त्यातील मजकूर पाठविणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याने फुगविलेला असू शकतो. पाठ शुद्ध म्हणून वार्ता खरी, हे अनुमान घाईचे होय. उलट बाजूने, हे दर्शक शब्द गाळून नुसता आकडा उचलणारी पुस्तके थोडी नाहीत.

ट्यूनिशियाचे उदाहरण ह्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. १९४३ च्या वसंतात तेथील जर्मन-इटालियन सैन्याचा समुद्रमार्ग जवळजवळ बंद झाला आणि सिसिलीहून माल व माणसे विमानांनी येऊ लागली. ही उड्डाणे केव्हा व कोणत्या वाटेने होतात ह्याची कल्पना दोस्तांना उकललेल्या संदेशांतून आली, आणि ५ एप्रिल १९४३ रोजी त्यांनी ही वाट तोडण्याची मोहीम सुरू केली. १८ एप्रिल रोजी, ईस्टरपूर्वीच्या रविवारी सायंकाळी, सिसिलीकडे परतणाऱ्या युंकर्सच्या मोठ्या थव्यावर अमेरिकन लढाऊ विमाने तुटून पडली. वैमानिकांनी पन्नासांहून अधिक युंकर्स पाडल्याचा दावा केला. जर्मन नोंदींप्रमाणे २४ नष्ट झाली व ३५ मोडक्या अवस्थेत सिसिलीच्या किनाऱ्यास लागली. ह्या दोन जर्मन आकड्यांची बेरीज ५९ होते, म्हणजे दाव्याच्या अगदी जवळ जाते. तेव्हा वैमानिकांनी बढाई मारली असे म्हणण्यापेक्षा, खाली झेपावलेले प्रत्येक विमान त्यांनी बुडालेले धरले, असे म्हणणे न्यायाचे ठरेल. वाहतुकीच्या इतिहासकारास मात्र २४ आणि ३५ हा भेदच महत्त्वाचा आहे, कारण मोडके विमान पुन्हा उडते आणि त्यातील माणसे कदाचित वाचतात.

ह्याच प्रसंगी दुसरी एक अडचण दिसते. गुप्ततेसाठी असा नियम होता की, केवळ उकललेल्या संदेशावरून हल्ला करावयाचा नाही. आधी टेहळणीचे विमान पाठवावयाचे, म्हणजे शत्रूस त्याचाच संशय यावा. परिणामी पथकांच्या रोजनिशींत शत्रू 'गस्तीत आढळला' एवढेच येते. केवळ रोजनिश्या वाचणारास तो दैवयोग वाटतो. शत्रूस फसविण्यासाठी रचलेला देखावा अशा रीतीने इतिहासकारासही फसवितो.

आता दप्तराच्या मौनाविषयी. जेथे तारा व दूरध्वनी होते तेथे जर्मन बिनतारी यंत्र कमी वापरीत. म्हणून वाळवंट, भूमध्य समुद्र व रशिया ह्यांविषयी कागद विपुल, तर खुद्द जर्मनीविषयी विरळ. एकाच छावणीत असलेले दोन सरदार एकमेकांस पत्र लिहीत नाहीत, तसेच हे आहे. उत्तर आफ्रिकेचे दप्तर भरघोस आहे ते ह्यामुळेच, आणि मराठी अभ्यासकास त्याच्याशी जवळचे कर्तव्य आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण २१ जून १९४२ रोजी टोब्रुक पडले तेव्हा तेथे होती आणि शत्रूच्या हाती लागली. त्यानंतरच्या महिन्यांत त्याच टोब्रुककडे क्रीटहून युंकर्स विमाने रोमेलच्या सैन्यासाठी माणसे व इंधन आणीत होती. त्या पलटणीच्या इतिहासाची एक बाजू मराठी कुटुंबांच्या आठवणींत व पलटणीच्या कागदांत आहे. दुसरी बाजू क्यू येथील तर्जुम्यांत आहे. ह्या दोन्ही बाजू एकत्र ठेवून मराठीत लिहिलेले पुस्तक कोणी हाती घेतल्यास ते स्वागतार्हच होईल.

२२ एप्रिल १९४३ रोजी सहा इंजिनांच्या मेसरश्मिट ३२३ ह्या अजस्र विमानांचा काफिला ट्यूनिशियाच्या वाटेवर कापला गेला. किती पडली ह्याविषयी प्रसिद्ध ग्रंथांत एकवाक्यता नाही. सोळा ते एकवीस असे आकडे आढळतात. येथे निर्णय देण्यास जर्मन क्वार्टरमास्टर-जनरलच्या हानीच्या याद्या उपयोगी पडतात, कारण १९४३ अखेरपर्यंतच्या याद्या बऱ्याच अंशी उरल्या आहेत. १९४४ पासूनच्या मात्र बहुतांशी नाहीत. त्यामुळे १९४४-४५ च्या हिवाळ्यात वेढ्यात सापडलेल्या बुडापेस्टला झालेल्या हवाई पुरवठ्याचा विचार करताना हानीच्या यादीशी ताळा पाहण्याची सोय बहुधा राहत नाही, आणि तेथे तर्जुम्यातील 'अल्प संकेत' हे दोन शब्द पानावर जसेच्या तसे उतरून घ्यावे लागतात.