कणकेची गोळी आणि अभयाचा डोह

दक्षिणेस शंभुमहादेवाच्या डोंगररांगा आणि उत्तरेस नीरेचे पात्र, या दोहोंच्या मध्ये वसलेले नातेपुते हे माळशिरस तालुक्यातील जुने बाजारपेठेचे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते. परंतु ज्या भूमीला मेघांनी हात आखडून पाणी दिले, त्याच भूमीवरून महाराष्ट्राच्या दोन मोठ्या जलयात्रा शतकानुशतके जात आल्या आहेत, हा योग विचार करण्याजोगा आहे. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या महादेवाला नद्यांचे पाणी घालण्यासाठी खांद्यावर कावडी घेतलेले भक्त मुंगी घाटाची चढण चढतात; आणि आषाढी एकादशीच्या आधी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी इंद्रायणीकाठच्या आळंदीहून निघून, नीरेत पादुकांना स्नान घालून, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत शिरते आणि या जिल्ह्यातला पहिला मुक्काम नातेपुत्यास करते. तेथून माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी या वाटेने ती चंद्रभागेच्या वाळवंटाशी पोहोचते. एका टोकाला इंद्रायणी, दुसऱ्या टोकाला चंद्रभागा आणि मध्ये नीरा, असा हा तीन नद्यांना जोडणारा मार्ग आहे. आणि या मार्गाने चालणाऱ्या माणसांनी पाण्यातील जीवांशी जो एक संबंध जपला, त्याचा इतिहास येथे सांगावयाचा आहे. तो संबंध म्हणजे घाटाच्या पायरीवरून, किंवा काठाशी दोर बांधून उभ्या केलेल्या होडीच्या कडेवरून, नदीतल्या रानमाशांना अन्न घालण्याची वहिवाट.

देहूस इंद्रायणीच्या डोहाकाठी उभे राहणाऱ्या यात्रेकरूला ही वहिवाट निराळी शिकवावी लागत नाही. ज्या डोहात तुकोबांच्या अभंगांच्या वह्या बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या अशी श्रद्धा आहे, त्या डोहातील मासा मारावयाचा नाही, त्याला लाह्या, चुरमुरे किंवा कणकेच्या गोळ्या घालावयाच्या, हा तेथला शिरस्ता आहे. पंढरपुरास मार्गशीर्षात विठोबाचा वास विष्णुपदावर असतो असे मानून भाविक कोळ्यांच्या होड्यांतून तिकडे जातात, आणि होडी काठाला लागली की ओंजळीतला प्रसाद पाण्यात सोडणारे हात तेथेही दिसतात. सह्याद्रीच्या पलीकडे, वाडा तालुक्यात तिळसे येथील महादेवापाशी वैतरणेच्या पात्रात आणि महाड तालुक्यातील वाळण कोंडीत, जेथे काळ नदीच्या खोल डोहावर वरदायिनी देवीची सत्ता मानली जाते, हीच चाल अधिक कडक स्वरूपात आढळते: मासा देवीचा, आणि म्हणून त्याला हात लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

हे मासे बहुतांशी रोहू आणि कटला ज्या कुळातले त्याच कुळातले, म्हणजे कार्प जातीचे आहेत. आणि त्यांतला मानकरी म्हणजे मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा खडस, ज्याला इतरत्र महाशीर म्हणतात. मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनच्या मुलखाची मोजदाद करीत फिरलेला लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने या नद्यांतील मासे गोळा करून त्यांची वर्णने केली आणि 1841 मध्ये दख्खनच्या माशांवरील त्याचा प्रबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या ग्रंथमालेत छापला गेला. शास्त्रीय नावे देताना त्याने काठावरच्या लोकांच्या तोंडचेच शब्द उचलले, म्हणून खुद्री, कोळस, नुकटा ही नावे आज जगभरच्या प्राणिशास्त्राच्या दफ्तरात नोंदलेली आहेत. ज्या मासेमारांनी ती नावे सांगितली त्यांच्या नावाची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. तथापि नदीचे ज्ञान प्रथम कोणापाशी होते, याची साक्ष ती नावेच देतात.

या कुळातील माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तोंड मऊ असते, ओठांपाशी मिशा असतात आणि तळाशी चाचपडत खाण्याची सवय असते, म्हणून भिजलेली कणीक, लाही, भाताचे शीत यांसारखे मऊ खाद्य त्यांना सहज मानवते. परंतु ते काठाशी जमतात याचे कारण केवळ भूक नव्हे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबर याने 1820 मध्ये दाखवून दिले की, या माशांच्या पोटातील हवेची पिशवी आणि अंतःकर्ण यांना जोडणारी बारीक हाडांची एक साखळी असते. पाण्यातला कंप त्या पिशवीवर आदळतो आणि साखळीवाटे कानापर्यंत जातो, त्यामुळे इतर अनेक माशांच्या मानाने यांची श्रवणशक्ती तीक्ष्ण असते. होडीच्या फळीवर पाऊल वाजले की डोहातून काळ्या पाठी वर येतात, तो चमत्कार नव्हे. पुष्कळ पिढ्यांच्या वर्तनातून त्या जीवांनी शिकलेला विश्वास आहे, आणि चमत्कारापेक्षा तो अधिक आदरणीय आहे.

मात्र माशाला अन्न घालणे ही कृती स्वतःपुरती पुण्याची नाही, हे इतिहास स्पष्ट सांगतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्याच्या छायेत आपले मंगळवेढे आणि भीमेचे हे खोरे होते, त्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसोल्लास नावाचा जो संस्कृत कोशग्रंथ सिद्ध केला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचे एक प्रकरण आहे. सागरातले आणि नदीतले मासे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे मासे असे भेद सांगून, त्यांना कोणते खाद्य घालून एका जागी जमवावे, गळाला कोणते आमिष लावावे, दोरी कशी असावी, याचे विवेचन तेथे आले आहे; मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा आठशे वर्षांपूर्वीच्या दख्खनी माणसाचे निरीक्षण किती सूक्ष्म होते हे आधुनिक वाचकास कळले. राजाही माशाला खाऊ घालीत होता आणि वारकरीही घालतो. खाद्यही तेच, काठही तोच. भेद आहे तो खाद्याच्या मागे उभ्या असलेल्या संकल्पाचा. एकाच्या मुठीत खाद्याबरोबर गळ आहे, दुसऱ्याच्या मुठीत खाद्याबरोबर अभय आहे.

त्या अभयाची परंपरा तर सोमेश्वराहूनही पुष्कळ जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, अभयवनात राहणाऱ्या आणि ज्यांच्या रक्षणाची द्वाही फिरली आहे अशा मृग, पशु, पक्षी आणि मत्स्यांना मारणाऱ्यास उत्तम दंड सांगितला आहे. आणि अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी, तिन्ही चातुर्मासी पौर्णिमांना आणि इतर ठरलेल्या तिथींना मासे मारू नयेत व विकूही नयेत अशी आज्ञा कोरलेली आहे. राजसत्तेची ताकीद काळाबरोबर विरली, परंतु तिचे तत्त्व गावोगावच्या डोहांत टिकले, कारण गावाने ते देवाच्या नावाने लिहून घेतले होते. डोह देवाचा ठरला की त्यावर ना पाटलाची मालकी, ना मक्तेदाराचा हक्क. नदीवर जाळे टाकून पोट भरणारा कोळी किंवा भोई हाही त्या मर्यादेच्या बाहेरचा माणूस नव्हता. डोहाची हद्द कोठे सुरू होते हे त्याला सर्वांहून अधिक ठाऊक असे, आणि ती पाळण्यात त्याचे नुकसान नसून हितच होते.

ते हित कसे, हे आपल्या नद्यांचा स्वभाव जाणणाऱ्यास तत्काळ उमजेल. नीरा, भीमा, इंद्रायणी या नद्या पूर्वी पावसाळ्यात दुथडी वाहत आणि वैशाखात त्यांची धार तुटून पात्रात केवळ खोल डोह उरत. सगळ्या नदीचा जीव त्या काळी त्या डोहांत गोळा होई. जाळे टाकून, किंवा रामेठ्याचा पाला आणि गेळफळ कुटून पाण्यात कालवून, एका दिवसात डोह रिकामा करणे मुळीच अवघड नव्हते. तसे झाले असते तर आषाढात पहिला लोंढा आल्यावर प्रवाहाविरुद्ध चढून गोट्यांच्या उथळ तळावर अंडी घालण्यास खडस उरलाच नसता. कणगीतले बियाणे दुष्काळातही न मोडणारा कुणबी जे शहाणपण शेतात दाखवी, तेच देवाच्या डोहाने नदीत दाखवले. इंग्रज सरकारला ही गोष्ट कायद्याने सांगावी लागली ती 1897 मध्ये, जेव्हा मत्स्यव्यवसायाच्या अधिनियमाने पाण्यात विष कालवून किंवा स्फोटक टाकून मासे मारणे हा गुन्हा ठरवला.

नातेपुत्याच्या टापूत पाण्याचा इतिहास बदलला तो याच सुमारास. 1876–77 च्या भीषण दुष्काळानंतर नीरा खोऱ्यात पाटबंधाऱ्यांच्या कामांना वेग आला; 1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा बारामती–इंदापूरच्या बाजूस वाहू लागला, 1928 मध्ये भाटघरला लॉइड धरण उभे राहिले, आणि त्याच्या जोरावर उजवा कालवा फलटण व माळशिरस तालुक्यांच्या कोरड्या जमिनींतून धावू लागला. इंग्रज अभियंता आर्थर कॉटन याने गोदावरीच्या मुखाकडे काढलेल्या कालव्यांतून प्रवाशांच्या आणि मालाच्या नावा चालत; आमचा नीरेचा कालवा नौकानयनासाठी नव्हे, केवळ पिके भिजवण्यासाठी काढलेला, त्यामुळे त्याच्या काठाला नाव बांधलेली कधी दिसली नाही, दिसला तो पाळीचा हिशेब ठेवणारा पाटकरी. या पाण्याने मुलखाचे दैन्य फिटले, हे कृतज्ञतेने सांगितलेच पाहिजे. 1932 मध्ये सासवडहून आलेल्या माळी बागायतदारांनी माळीनगरास स्वतःचा साखर कारखाना काढला, 1934 मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापून श्रीपूरचा कारखाना उभारला, आणि ज्वारी-बाजरीच्या माळावर ऊस डोलू लागला. पुढे नीरेवर वीरचे धरण झाले आणि 1980 मध्ये भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले.

परंतु नदीतल्या जीवांच्या दृष्टीने याच इतिहासाची दुसरी बाजू वाचली पाहिजे. धरणाची भिंत माशाला चढता येत नाही, म्हणून विणीचा मार्ग तुटला. कालव्यात शिरलेला मासा पाणी बंद होताच डबक्यात अडकून मरू लागला. आणि चंद्रभागेत पाणी किती असावे हे ऋतूऐवजी धरणाचे दरवाजे ठरवू लागले. जलाशयांत उत्पन्नासाठी बंगालकडचे रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले गेले. त्यांच्यामागून सायप्रिनस हा परदेशी कार्प आला आणि आज उजनीकाठच्या बाजारात ज्याच्यावर अनेक मासेमारांची चूल पेटते तो परमुलखातला चिलापी आला.

यांतील सायप्रिनसचा प्रवास विशेष बोधप्रद आहे. मूळचा डॅन्यूबच्या आणि आशियाच्या पाण्यातला हा मासा मध्ययुगात युरोपातील मठवाल्यांनी आपल्या तळ्यांत पाळला. 1496 मध्ये छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील इंग्रजी पुस्तकात तो इंग्लंडमध्ये विरळा असल्याचे म्हटले आहे. पुढे तो तेथे इतका रुळला की, आज इंग्लंडच्या जुन्या कालव्यांत अरुंद लांबट नावा काठाला बांधून राहणारी माणसे खिडकीतून पावाचे तुकडे टाकतात आणि गढूळ पाण्यातून वर येणारा तो रानकार्प पाहून हर्षित होतात. हाच मासा 1939 मध्ये उटकमंडच्या पाण्यात आणला गेला, 1957 मध्ये त्याची दुसरी जात बँकॉकहून भारतात आली, आणि हळूहळू तो आपल्या तलावांत पसरला. त्याला खाऊ घालणाऱ्या इंग्रजाच्या आनंदात काही खोट नाही. मनुष्य कोठलाही असो, रानातला जीव आपण होऊन जवळ आला की त्याचे अंतःकरण प्रसन्न होते. परंतु आपल्या डोहाची वहिवाट त्या आनंदापुरती नव्हती. तिच्यात माणसाने स्वतःवर घालून घेतलेले एक बंधन होते, आणि त्या बंधनामुळेच तिला इतिहासात स्थान आहे.

आज विपरीत घडले आहे ते असे की, कृती उरली आणि करार मोडला. घाटावर चुरमुऱ्याच्या पुड्या पूर्वीपेक्षा अधिक विकल्या जातात, मासा मारावयाचा नाही हा नियमही देहूस मानला जातो. पण अलीकडच्या वर्षांत इंद्रायणीत मेलेले मासे तरंगल्याच्या वार्ता पुनःपुन्हा येतात, आणि त्यांना कोणाच्या जाळ्याने मारलेले नसते. सांडपाण्याने आणि कारखान्यांच्या मळीने पाण्यातला प्राणवायू संपला की देवाचा मासाही गुदमरतो. पूर्वजांना संकट ठाऊक होते ते गळाचे, जाळ्याचे आणि विषारी पाल्याचे. म्हणून त्यांनी अभयाचा अर्थ ‘मारू नये’ एवढाच लावला आणि तो त्यांच्या काळाला पुरला. आमच्या काळात अभयाचा अर्थ ‘पाणी जिवंत ठेवावे’ असाच लावला पाहिजे. नाहीतर गोळी टाकणारा हात आणि नाल्याचे तोंड नदीकडे वळवणारा हात एकाच गावाचा राहील, आणि पहिल्याचे पुण्य दुसऱ्याच्या पापाची भरपाई करू शकणार नाही.

हे अशक्यप्राय नाही. लोणावळ्याजवळ टाटांच्या जलविद्युत तलावांवर गेल्या शतकाच्या सत्तरीपासून खडसाची कृत्रिम पैदास करून लक्षावधी पिले वाढवली गेली, यावरून बीज नष्ट झालेले नाही हे सिद्ध आहे. उणीव आहे ती त्या बीजाला वास्तव्य करण्याजोग्या डोहाची. आळंदीपासून पंढरीपर्यंत पालखीच्या वाटेवरील प्रत्येक नदीकाठच्या गावाने आपल्या हद्दीतील एक डोह निवडावा, ग्रामसभेत रीतसर ठराव करून त्यात सांडपाण्याचा थेंबही न जाऊ देण्याची जबाबदारी घ्यावी, आणि उन्हाळ्याच्या आवर्तनात पिकांच्या हिश्शाबरोबर त्या डोहाच्या हिश्शाचे पाणीही पाटबंधारे खात्याकडे हक्काने मागावे. ज्या समाजाने सनद नसताना, शिपाई नसताना, केवळ शब्दावर शतकानुशतके डोह राखले, त्याला कायदा, विज्ञान आणि ग्रामपंचायत हाताशी असताना ते राखता येणार नाहीत, असे मानण्यास मी तयार नाही. माशाला अन्न तर नदी घालतेच. माणसाने घालावयाचे ते अभय, आणि ते घातल्यावाचून पाण्यात टाकलेली कणीक ही केवळ कणीकच राहते.