माडीवरची जमीन

परवा फ्लॅटसाठी फरशी बघायला अमरावतीच्या एका शोरूममध्ये गेलो होतो. बायकोला बेडरूममध्ये 'वुडन फ्लोअरिंग' हवं आहे. तिथल्या मुलाने ओक, वॉलनट, मेपल असे तुकडे समोर मांडले. हातात घेऊन पाहिलं तर दाबलेल्या भुशाची पाटी आणि तिच्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद. "सागवान आहे का?" म्हटलं, तर सागवानाचंही चित्रच निघालं! मेळघाटाचा पायथा इथून तास-दीड तासावर..

तसं पाहिलं तर लाकडाची जमीन वऱ्हाडाला नवी नाही. फक्त ती खाली नसायची. खाली शेणाने सारवलेली माती, नंतर शहाबादी फरशी. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, शिवाय वाळवी. तिच्यावर फळ्या कोण टाकणार? लाकूड जायचं माडीला. सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या. वरच्यांची जमीन ती खालच्यांचं छत. लहानपणी आजोबा वर फेऱ्या मारायला लागले की खाली आमच्या ताटात धूळ पडायची.

साग निवडायचं कारणही साधंच. त्याच्या गाभ्यात तेल असतं, वाळवी सहसा शिवत नाही. आणि तो फुगतो-आकसतो कमी. अकोल्याचा मे आणि अकोल्याचा ऑगस्ट ज्यांनी पाहिलाय त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

आमची अकोल्यातली माडी पणजोबांनी कापसाच्या पैशातून बांधली, असं घरात सांगतात. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे वऱ्हाड ओलांडून 1867 ला नागपूरला पोचली. तेव्हा रुळांखाली लाकडाचेच स्लीपर असत. रुळांना लाकूड, माड्यांना लाकूड. मग सरकारला जंगल राखायची आठवण झाली! मेळघाट राखीव झाला, कोरकूंची फिरती शेती बंद पडली आणि त्यांच्यातले कितीतरी वनग्रामांत राहून जंगलखात्याची मजुरी करू लागले. आमच्या घरात पणजोबांचा फोटो आहे. ती झाडं कुणी तोडली, कुणी ओढून आणली, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

पुढे 1973-74 मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. असो.

तर ती माडी आता पडणार आहे. भावंडांच्या वाटण्या झाल्या, जागेवर अपार्टमेंट येईल. एका व्यापाऱ्याने सगळं लाकूड घनफुटाच्या भावाने मागितलंय. मी मधल्या खोलीच्या फळ्या मोजल्या. आमची बेडरूम होऊन थोड्या उरतील. रुंदी एकसारखी नाही, खिळ्यांची भोकं आहेत, एका कोपऱ्यात गळतीचा काळा डाग. ओळखीच्या सुताराने नखाने खरवडून पाहिलं.

"हे जुनं सागवान हाय भाऊ. याले रंधा मारला का नवं निंघते."

मजुरी धरून हिशेब केला तर शोरूमच्या कागदापेक्षा महागच पडतंय. बायको म्हणते, डाग चालेल, पण तुझ्या दादाला आधी विचार. दादाने व्यापाऱ्याला शनिवारी बोलावलंय. मी सुताराला घेऊन शुक्रवारीच जातोय.