छोटे रिव्हॉल्व्हर : वजन आणि धक्का

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी कपड्यांआड बाळगायच्या शस्त्रांत पाच गोळ्यांच्या, आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरला मानाचे स्थान आहे. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५० मध्ये आणलेले ‘चीफ्स स्पेशल’ हे त्याचे मूळ रूप. हे पोलादी रिव्हॉल्व्हर सुमारे साडेपाचशे ग्रॅमचे होते. अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याचे ‘६४२’ सुमारे चारशे ग्रॅमचे, तर स्कँडियमयुक्त मिश्रधातू आणि टायटॅनियम वापरलेले ‘३४० पीडी’ साडेतीनशे ग्रॅमहूनही हलके आहे. या दोहोंचा घोडा सांगाड्यात दडलेला असल्याने तो कापडात अडकत नाही.

मात्र वजन घटते तसा गोळी झाडताना हाताला बसणारा धक्का वाढतो. ‘३४० पीडी’मध्ये .३५७ मॅग्नम काडतूस वापरल्यास तो अनुभवी नेमबाजालाही असह्य वाटू शकतो. धक्क्याच्या धास्तीने सराव टळतो; आखूड नळी आणि जड चाप यांमुळे तर सराव अधिकच आवश्यक ठरतो. त्यामुळे निवड करताना खिशाला काय पेलते यापेक्षा नियमित सरावात हाताला काय पेलते, हे पाहणे महत्त्वाचे. अचूक नेमाअभावी सुटलेली गोळी निरपराध व्यक्तीचाही जीव घेऊ शकते.